सत्तेचाळीस नंबरचं बाक

आमच्या पुस्तकात एकशे एक जागा असतात आणि त्यातली एक खोटी असते. हे मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. पकडलेले चोर सोडले, तर पंचवीस वर्षं ही गोष्ट ऑफिसच्या दोन खोल्यांबाहेर गेली नव्हती, आणि ऑफिसात माणसंही दोनच. मी आणि मामा.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. खिशात मावेल असं हे पुस्तक त्याने तरुणपणी सुरू केलं. मोठ्या शहरात बाहेरून येणारी माणसं ठरलेल्या दहा जागा बघतात, दहा फोटो काढतात आणि शहर पाहिलं म्हणून परत जातात. मामाचं पुस्तक उरलेल्यांसाठी होतं. पाणीपुरवठ्याच्या जुन्या इमारतीतला दगडी जिना, जो बावन्न पायऱ्या चढून एका कोऱ्या भिंतीपाशी संपतो. बंद पडलेल्या टपाल कचेरीतली पत्रं निवडायची लांबलचक फळी, जिच्या खणांवर अजून गावांची नावं रंगवलेली आहेत. अंधशाळेमागची बाग, जिथे झाडं वासावरून लावली आहेत. अशा शंभर जागा. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती, आणि आवृत्तीआधी प्रत्येक जागी स्वतःच्या पायांनी जाऊन यायचं, तपासणीच्या वहीत तारीख घालून सही करायची, हा मामाचा नियम. गेली अठरा वर्षं ते पाय माझे आहेत. पायऱ्या एक्कावन्न लिहिल्या आणि बावन्न निघाल्या तर मला झोप लागत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाचा तर मला एवढा राग येतो, की त्यापायी दोन मैत्रिणी आणि एक सोयरीक मी घालवली आहे.

एकशे एकावी जागा मात्र घरी बसून तयार व्हायची. तिला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. आमचं पुस्तक चोरणारे पुष्कळ. दोन शब्द इकडचे तिकडे करून बिनदिक्कत छापायचे, आणि जाब विचारला तर म्हणायचे, 'जागा काय तुमच्या मालकीच्या आहेत? आम्हीही जाऊन पाहिल्या.' मग मामा पाहुणा पुढे करायचा. जी जागा नाहीच, ती तुम्ही पाहिली कशी? असे तीन चोर त्याने रंगेहाथ पकडले होते.

पाहुण्याचेही नियम होते. तो बंद गल्लीत असावा, म्हणजे शोधणारा फार भटकणार नाही. तीन ओळींपेक्षा मोठा नसावा. आणि मुख्य म्हणजे तो कंटाळवाणा असावा. 'कुणी मुद्दाम उठून जाईल असं काही लिहायचं नाही,' मामा बजावायचा. 'चोर आपला आहे. त्याच्यासाठी दुसऱ्याची पायपीट नको.' त्याचे पाहुणे म्हणजे 'जुना मैलाचा दगड, अक्षरं पुसट' असले. वाचतानाच जांभई यायची.

मागच्या आवृत्तीच्या वेळी मामाला झटका आला, त्याची उजवी बाजू गेली, ऑफिसच्या आतल्या खोलीत त्याचा पलंग आला, आणि पाहुणा माझ्या गळ्यात पडला. त्याच वर्षी माझी आई गेली होती. त्याआधी चौदा महिने ती अंथरुणाला खिळून होती. सकाळी तिचं सगळं उरकून मी ऑफिसला यायचे आणि ऑफिसातून पुन्हा तिच्याकडे. वाटेत ओळखीचं जे कुणी भेटे ते विचारायचं, 'काय म्हणतेय आईची तब्येत?' चांगल्या मनाने विचारायचे सगळे. पण मला कुठेतरी दहा मिनिटं बसायचं असायचं, जिथे हे कुणी विचारणार नाही. या शहराच्या शंभर जागा मला तोंडपाठ होत्या, आणि त्यात अशी एकही नव्हती. म्हणून मी ती लिहिली.

'४७. घड्याळ दुरुस्तीच्या जुन्या दुकानामागची बंद गल्ली. टोकाला भिंतीशी एक लाकडी बाक आहे, तिघांना पुरेल एवढं. वरच्या मजल्यावर कुणीतरी बासरी शिकतं. पाचच्या सुमाराला ती ऐकू येते. रोज एकाच जागी सूर चुकतो, जरा थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इथे बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.'

मामाला वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, 'फार चांगलं झालंय.' मला वाटलं, कौतुक करतोय.

पुस्तक बाजारात आलं. आठ महिन्यांनी एका बड्या कंपनीने जाडजूड, रंगीत पुस्तक काढलं आणि त्यात आमच्या जागा एकामागून एक आल्या, सत्तेचाळीस नंबरच्या बाकासकट. 'बासरीचे मंद सूर' एवढी त्यांची स्वतःची भर. मामा पलंगावर पडल्या पडल्या हसला. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसला. आम्ही प्रकाशक मंडळाकडे तक्रार गुदरली. सुनावणीला पाच महिने होते. वकीलबाईंनी तंबी दिली, 'तोवर त्या बाकाबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तुमच्याकडे पुरावा आहे तो एवढाच.'

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंडक्टर आले.

उंच, जरासे वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. ऑफिसच्या मधोमध पाय फाकवून उभे राहिले, जशी काही फरशी आत्ता हलणार आहे. चाळीस वर्षं शहर बस सेवेत कंडक्टर होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ते इतक्या मोठ्याने, की खालच्या छापखान्यातला माणूस वर डोकावून गेला. इंजिनशेजारी आयुष्य काढल्याने त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्याला ओरडूनच सांगावं लागायचं. हातात आमचं पुस्तक होतं. त्यांनी ते माझ्यापुढे पत्ते पिसल्यासारखं फरफरवलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला एक गोल भोक होतं.

'तिकिटाला भोक पाडायचा माझा चिमटा,' ते म्हणाले. 'रिटायर झालो तेव्हा परत केला नाही. आमची मंडळी म्हणाली, जी जागा बघू तिचं तिकीट फाडायचं. आठ महिन्यांत शंभर झाल्या बघा. एक राहिलीय.'

त्यांनी सत्तेचाळिसावं पान उघडलं. त्याचा कोपरा शाबूत होता.

'तीनदा जाऊन आलो. गल्ली आहे, भिंत आहे. बाक काही दिसत नाही. एवढ्यासाठी तुम्हाला त्रास दिला नसता हो ताई, पण...' इथे त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे तो तुमच्या-माझ्या आवाजाएवढा झाला. 'हिला बरं नाहीये. डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हणाले, दुखणं डोक्यापर्यंतही जाऊ शकतं. ही टेलिफोन ऑपरेटर होती, चार हजार नंबर पाठ होते तिला. आता तिने मनात घेतलंय, की बाक तिथे आहे आणि तिलाच ते दिसत नाहीये. मलाही दिसत नाही म्हटलं, तर म्हणते तुम्ही माझं मन राखताय. डोकं गेलं म्हणते माझं. तुमचं पुस्तक कधी चुकत नाही ना. शंभर जागा बरोबर निघाल्या, मग एकच कशी चुकेल?'

 खरं सांगायची ती वेळ होती. समोर वकीलबाईंचा चेहरा आला, आतल्या खोलीत पडलेला मामा आठवला, आणि मी म्हटलं, 'काका, बाक दुरुस्तीला नेलंय.'

'काय?'

'दुरुस्तीला!' मी ओरडले. 'पाय मोडला होता! काढून नेलंय!'

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला बघवेना. 'तरीच! बघा, मी हिला सांगतच होतो!' ते जिना उतरत असताना मला खालपर्यंत ऐकू येत होतं, 'दुरुस्तीला नेलंय, दुरुस्तीला!'

मी मनाची समजूत घातली. म्हाताऱ्याचंही समाधान, खटलाही शाबूत. पण आठवडाभराने ते पुन्हा आले, आणि या वेळी दारातच थांबले.

'ती ऐकत नाही,' ते म्हणाले. 'दुसऱ्या वेळी गेलो होतो तेव्हा तिने त्या गल्लीतल्या किल्लीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, तीस वर्षं मी इथे बसतोय, बाक म्हणून कधी नव्हतंच. आता ही म्हणते, एक तर ऑफिसातल्या बाई खोटं बोलताहेत, नाहीतर किल्लीवाल्याचं बोलणं मला भलतंच ऐकू आलं. बाई कशाला खोटं बोलतील? म्हणजे माझंच डोकं. हल्ली रात्री उठून नंबर म्हणत बसते. जुने टेलिफोन नंबर. एखादा अडला की रडते.' मग म्हणाले, 'तुम्ही येऊन सांगाल का तिला? तुमचं ऐकेल ती.'

मी आतल्या खोलीत गेले. मामाने सगळं ऐकलं होतं. कंडक्टरांचं बोलणं न ऐकणं कुणाला शक्यच नव्हतं.

'मी तुला सांगितलं होतं,' तो म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द घसरतात, पण हे अगदी स्वच्छ आलं. 'फार चांगलं झालंय म्हटलं होतं तुला.'

'मग तेव्हा काढून का नाही टाकलंस?'

'तुझी आई गेली होती तेव्हा. कसं काढायला सांगू?' त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. 'जा. खरं काय ते सांगून ये.'

'आणि सुनावणी?'

'जा म्हटलं ना.'

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, लखलखीत. दाराशी वाण्याने दिलेली रिकामी खोकी नीट घडी करून ठेवलेली. काकू खिडकीशी आरामखुर्चीत होत्या, अंगावर शाल, हात काटकुळे, पण आवाज असा, की नंबर मागावासा वाटावा. पुस्तक मांडीवर होतं. कंडक्टरांना त्यांनी औषधं आणायला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, 'बोला.'

मी बसलेसुद्धा नाही. 'काकू, ती जागा नाही. कधीच नव्हती. ती मी मनाने लिहिली. चोर पकडायला आम्ही पुस्तकात एक खोटी जागा घालतो, ती ही. दुरुस्तीचंही खोटं होतं.'

'पुन्हा सांग.'

मी पुन्हा सांगितलं.

'म्हणजे किल्लीवाला मला तेच म्हणाला होता.'

'तेच.'

'आणि मला ते नीट ऐकू आलं होतं.'

'अगदी नीट. तुमचं काही चुकलं नव्हतं, काकू. शंभर जागा तुम्ही शोधल्यात त्याही बरोबर, आणि ही नाही म्हणालात तेही बरोबर.'

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बराच वेळ येत राहिलं. मी उभीच होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेतल्या मुलीसारखे हात मागे घेतले.

'थोबाडीत द्यावीशी वाटतेय तुझ्या,' त्या म्हणाल्या. 'हात उचलत नाही म्हणून वाचलीस. तीन आठवडे, मेले, रात्र रात्र मी नंबर घोकत होते. मरायला मी भीत नाही. पण वेड लागून मरायचं? यांना ओळखणारसुद्धा नाही, अशी? तीन आठवडे त्या भीतीत काढायला लावलेस तू मला.'

 चुकलं म्हटलं. आणखी दोनदा म्हटलं.

'बस,' त्या म्हणाल्या. मी बसले. 'लिहिलंस मात्र असं, की पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, हे शेवटी ठेवायचं. सगळ्यात शेवटी. कुणासाठी लिहिलं होतंस?'

मी आईचं सांगितलं. ते चौदा महिने, तो रस्ता, तो प्रश्न. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर, मामालाही नाही. त्या ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी आईच्या तब्येतीबद्दल, शेवटाबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या, 'मला ने तिथे.'

'पण काकू, तिथे काहीच...'

'माहीत आहे. आत्ताच सांगितलंस ना. डोकं जागेवर आहे माझं.' त्या चक्क हसल्या. 'यांना मात्र काही कळू द्यायचं नाही. या माणसाला फिरायची काडीची हौस नाही गं. चाळीस वर्षं फिरण्यातच गेली, घरी पाय लांब करून पडावं एवढीच इच्छा. पण माझं दुखणं कळलं त्या दिवशी स्वतः जाऊन तुमचं पुस्तक घेऊन आले. शंभर ठिकाणी मला हाताला धरून नेलं. शेवटची खोटी निघाली, असं त्यांच्या वाट्याला नको. मी गेल्यावर आठवायला शंभर आणि एक असू देत त्यांना. शब्द दे.'

'दिला.'

'कुणी कितीही विचारलं तरी?'

'कुणीही विचारलं तरी,' मी म्हटलं. दाराशी कंडक्टरांच्या चपला वाजल्या.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही टॅक्सीने गेलो. घरातून दोन घडीच्या खुर्च्या आणि एक स्टूल घेतलं होतं. गल्ली तशीच होती, जशी मी कागदावर घेण्याआधी एकदा पाहिली होती: तोंडाशी किल्लीवाल्याची पत्र्याची टपरी, मग दोन्हीकडे मागची दारं, टोकाला पोपडे उडालेली भिंत. वर एक खिडकी अर्धी उघडी. कंडक्टरांनी भिंतीशी खुर्च्या मांडल्या, काकूंना बसवलं, शाल सारखी केली. मी स्टुलावर बसले.

किल्लीवाला कानस हातात घेऊनच आला. 'काय हो, इथे कशाला बसलात?'

मी घाबरले. पण काकू त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, 'बाक दुरुस्तीला गेलंय ना, म्हणून खुर्च्या आणल्या.'

त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मनगटांकडे, मग कंडक्टरांकडे. ज्या बाईला त्याने महिन्यापूर्वी बाक कधी नव्हतंच म्हणून सांगितलं होतं, ती हीच, हे त्याला ओळखता आलं असणार.

'हां,' तो म्हणाला. 'हां हां. गेलंय की दुरुस्तीला. बसा तुम्ही.' आणि कानस घासत टपरीत जाऊन बसला.

पाच वाजले. वरच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. थोडा वेळ चालायचं, मग थांबायचं. बाकी काही नव्हतं. कंडक्टरांनी उजवा कान वर केला होता, आणि त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता.

'काही ऐकू येत नाही गं मला.'

'अहो, वाजतेय ना,' काकू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. 'बासरी. लहान मूल असेल कुणीतरी. आता वर चढतेय... चढतेय... हं, चुकली.' मशीन थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं. 'पुन्हा पहिल्यापासून.'

'छान आहे?'

'नवशिकी आहे हो. पण छान आहे.'

त्यांनी मान डोलावली आणि काकूंचा हात हातात घेतला. मी दुसरीकडे बघत बसले. खोटं ऐकून माझं डोकं फिरतं, हे मी वर लिहिलंच आहे. त्या दिवशी फिरलं नाही. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी भिंतीचे पोपडे मोजत होते. चाळीस मिनिटं आम्ही तिघं तिथे बसलो आणि त्या वेळात मला कुणी काही विचारलं नाही.

निघताना कंडक्टरांनी खिशातून चिमटा काढला. काकू म्हणाल्या, 'आज मी.' दोन्ही हातांनी दाबूनसुद्धा तो त्यांच्याने मिटेना. मग त्यांच्या हातांवर कंडक्टरांनी आपले हात ठेवले, आणि सत्तेचाळिसाव्या पानाला भोक पडलं.

एकोणीस दिवसांनी काकू गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, सगळ्यांना ओळखत होत्या, असं कंडक्टर ऑफिसात येऊन मला सांगून गेले. हे त्यांनी दोनदा सांगितलं. 

त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे आणि एकच विचारायचे, 'बाक कधी येतंय परत?' मी म्हणायचे, 'सरकारी काम, काका. वेळ लागतो.' एकदा खोटं सांगितलं की त्याचं किती करावं लागतं, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. मग एकाएकी ते यायचे थांबले. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

सुनावणीला आठ दिवस असताना वकीलबाईंनी फोन करून बोलावून घेतलं. टेबलावर एक फोटो होता. विरुद्ध बाजूने दिलेला. तीच गल्ली, तीच भिंत, आणि भिंतीशी एक लाकडी बाक. तिघांना पुरेल एवढं. वर एक उंच, वाकलेला म्हातारा, पाय फाकवून बसलेला.

'हे काय आहे?' वकीलबाई म्हणाल्या. 'तुम्ही तर म्हणत होता, जागाच नाही!'

मी तशीच गल्लीत गेले. कंडक्टर बाकावरच होते. मला बघून उठले, फळीवरून हात फिरवून दाखवला. 'त्यांची दुरुस्ती काही होईना, म्हटलं आपणच करू. सुताराकडून करवून घेतलं. पूर्वीचं असंच होतं ना हो? तुम्ही पाहिलं असेल.'

'असंच होतं,' मी म्हटलं.

'लोक येतात बघा पुस्तक घेऊन. मी त्यांना सांगतो, आमच्या हिने शोधून काढलं. कुणाला सापडत नव्हतं, हिला सापडलं.'

वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. त्या सुटकेचा श्वास टाकत म्हणाल्या, 'मग झालं तर! त्यांना साक्षीला आणा. बाक कधी बसवलं, कुणी बनवलं, सुताराची पावती. त्याआधी तिथे काही नव्हतं, एवढं सिद्ध केलं की पुस्तक चोरलेलंच. दहा मिनिटांचं काम आहे.'

'त्यांना वाटतं, आधीही होतं.'

'मग सांगा त्यांना, नव्हतं म्हणून.'

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर तेही खोटं होईल. जिना उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. कठीण होतं ते मामाला सांगणं. पुस्तक त्याचं, पंचवीस वर्षं त्याची, आणि ते रंगीत पुस्तक आता प्रत्येक स्टेशनावर मिळत होतं. आमची पुढची आवृत्ती निघेल की नाही, याचीही शाश्वती नव्हती.

'तक्रार मागे घ्यावी लागेल,' मी म्हटलं.

तो संतापला. डाव्या हाताने त्याने पाण्याचा पेला ढकलून दिला. 'माझं काम आहे ते! तुझ्या एका शब्दापायी?' मी फरशी पुसली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, औषध त्याच्यासाठी येणाऱ्या नर्सच्याच हातून घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघत होते, तेव्हा आतून हाक आली.

'त्या म्हाताऱ्याला चार लोकांसमोर उभं करून सांगणार होतीस का तू, की तुझी बायको जिथे बसली तिथे काही नव्हतं?'

'नाही.'

'मग मला काय विचारतेस? कागद आण, सही करतो.' डाव्या हाताने सही करायला त्याला पाच मिनिटं लागली. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, 'आणि सत्तेचाळीस तपासून ये. पुढची आवृत्ती निघणार असेल तर तपासायला नको?'

काल मी तपासायला गेले. नियमाप्रमाणे वही, पेन्सिल, फीत घेऊन. किल्लीवाल्याने टपरीतून हात केला. बाकाची लांबी पाच फूट दोन इंच भरली. कंडक्टर एका टोकाला बसले होते, मी दुसऱ्या टोकाला बसले. मधे एका माणसाची जागा राहिली.

पाच वाजून गेले. वरची खिडकी बंद होती. शिलाई मशीनसुद्धा नव्हतं. कंडक्टरांनी उजवा कान वर केला, नेहमीसारखा, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, 'ताई, वाजतेय का हो? ही होती तेव्हा सांगायची मला.'

मी त्यांच्याजवळ सरकले, कानाशी तोंड नेलं.

'वाजतेय, काका,' मी म्हटलं. थोडं थांबले. 'चढतेय... हं. आत्ता चुकली.'

ते हसले.  निघण्याआधी मी वही उघडली, सत्तेचाळीसपुढे तारीख घातली, लिहिलं, 'जागा आहे. वर्णन बरोबर,' आणि खाली सही केली.